पंखा पाचावर

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की दारावरची पाटी वाचत नाही, मीटर वाचतो. वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर वाचायची नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी डोळे आधी जिन्याखालच्या कोपऱ्यातच जातात. मी नवं घर घेतलं तेव्हा पहिल्यांदा बघायला आला. दार उघडून मी "ये मामा" म्हणाले, तर हा पाठमोरा उभा. मान वर करून, भिंतीवरच्या डबीकडे बघत मोठ्याने म्हणत होता, "शून्य, शून्य, दोन, सात, नऊ." मग आत आला आणि म्हणाला, "महिना झाला नाही राहायला येऊन आणि एवढे युनिट? घरात भट्टी लावलीयस का?" घर छान आहे हे त्यानंतर.

मोठ्याने आकडे म्हणायची सवय नोकरीतली. सुरुवातीला दोघांची जोडी असायची, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. पुढे कंपनीने लिहिणारा कमी केला, पण मामाचा आवाज काही कमी झाला नाही. स्वतःच वाचायचा, स्वतःलाच ऐकवायचा आणि स्वतःच लिहायचा. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की बायका म्हणायच्या, "आले रीडिंगवाले."

नोकरीत त्याने दोन नियम पाळले. एक, ग्राहकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. दुसरा, आधी नोंद, मग चौकशी. यातला दुसरा नियम त्याने मला इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. "आधी चौकशी केली की चहा येतो. चहा आला की मागून गोष्ट येते. आणि गोष्ट ऐकून झाली की हात खरा आकडा लिहीत नाही. म्हणून जे दिसलं ते आधी लिहायचं, का दिसलं ते नंतर विचारायचं." एकतीस वर्षांत त्याचं एकही रीडिंग चुकलं नाही. हे तो स्वतः सांगतो म्हणून मी अर्धं सोडून देत असे, पण त्याच्या कार्यालयातले लोकही हेच सांगतात, म्हणजे खरं असावं.

आता जो माणूस गावभरचे युनिट मोजतो तो घरातले सोडेल का? मामी खोलीतून बाहेर पडायच्या आत खोलीत अंधार झालेला असे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला जायची. एकदा पुस्तक वाचत बसले होते, तर दिवा गेला. मी ओरडले. मामा म्हणाला, "अगं, तुझे डोळे मिटलेले दिसले." मी म्हणाले, "पापणी लवली, मामा." त्याने दिवा लावला खरा, पण पुढचा अर्धा तास माझ्या पापण्यांवर नजर ठेवून बसला.

बाहेरच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर एक ते पाच असे आकडे होते. त्यातले तीन, चार आणि पाच शोभेसाठी असतात असा माझा कितीतरी वर्षं समज होता, कारण त्या घरात पंखा कधी दोनच्या पुढे गेलाच नाही. दोनवर तो इतका सावकाश फिरायचा की पाती मोजता यायची. मामीला उकाडा अजिबात सहन होत नाही. ती शाळेच्या कार्यालयात टंकलेखनाचं काम करायची, तिथे खोलीत पंखा एकच आणि तो मोठ्या बाईंच्या डोक्यावर. घरी यावं तर हा दोनवरचा. ती वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घेत बसायची आणि अधूनमधून पंख्याकडे बघायची. बोलायची मात्र काही नाही. मामाशी युनिटवरून वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

एरवी माणूस वाईट नाही हं. कंजूष म्हणावं तर माझ्या शिक्षणाची तीन वर्षांची फी त्याने न बोलता भरली. त्याचा जीव पैशांत नाहीच मुळी, युनिटमध्ये आहे. आणि युनिटनंतर अडकलाय तो सवलतीत. सवलत हा शब्द ऐकला की मामाचे कान टवकारतात. घरसुद्धा त्याने मामीच्या नावावर घेतलं, प्रेमापोटी वगैरे नाही, बाईच्या नावावर नोंदणी केली तर शुल्कात सवलत होती म्हणून. घर मामीचं म्हणून वीजजोडणीही मामीच्या नावाची, बिलही मामीच्या नावाने. ही साधी गोष्ट पुढे कुठे नेऊन सोडणार होती याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

गेल्या वर्षी सरकारने जाहीर केलं की जो घरमालक आपल्या छतावर सौरपॅनेल बसवील त्याला खर्चाचा चांगला मोठा हिस्सा अनुदान म्हणून परत मिळेल. शिवाय घरात वापरून उरलेली वीज कंपनी घेणार आणि बिलातून तेवढे युनिट वजा करणार. मामा त्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. मीटर न वाचता सरळ आत आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी विशेष आहे.

"युनिट वजा होतात," तो म्हणाला. "वजा, कळलं का तुला? सूर्य काही बिल पाठवत नाही."

अडचण एकच होती. अनुदान मिळतं ते नंतर, आधी सगळे पैसे आपण घालायचे. मामाची शिल्लक त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेली होती. उरली मामीची ठेव. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टंकून तिने ती साठवलेली. मामाने विषय काढला तेव्हा मी तिथेच होते. मामीने पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "देते. पण दोन अटी. अनुदान येईल ते माझ्या खात्यात, आणि त्याचं मी काय करणार ते कुणी विचारायचं नाही. दुसरं, सूर्याची वीज आली की या घरातलं एकही बटण तुम्ही बंद करायचं नाही."

मामा बराच वेळ विचार करत बसला. ऑपरेशनला हो म्हणायलासुद्धा त्याने इतका वेळ घेतला नव्हता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे."

संगणकावर अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. घरात शिकलेली भाची असली की तिचा हाच उपयोग. छताचा फोटो, बिलाचा फोटो, घराचे कागद, मामीची सही. अर्जात शेवटचा एक रकाना रिकामा होता, नवीन मीटरचा क्रमांक. जुनं मीटर येणारी वीज मोजतं. पॅनेल बसल्यावर येणारी आणि जाणारी दोन्ही मोजणारं नवीन मीटर कंपनीकडून लावून घ्यायचं, त्याचा क्रमांक त्या रकान्यात भरायचा आणि मगच अनुदान मंजूर. सगळ्याला मुदत महिनाअखेरची. त्यानंतर योजना बंद.

महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी फिटर येऊन पॅनेल बसवून गेला. बोलका माणूस होता. जिन्यापाशी एक पेटी लावली, तिच्यातला मोठा खटका बंद ठेवला आणि त्यावर कागद चिकटवला. कागदावर लिहिलं होतं: चालू करू नये. "नवीन मीटर लागेपर्यंत याला हात लावायचा नाही, काकू," त्याने मामीला बजावलं. "आत्ता चालू केलं तर नियमाबाहेर होतं." मामीने मान डोलावली. मामा म्हणाला, "माझ्या घरात नियमाबाहेर काही होत नाही."

विसाव्या दिवशी सकाळी मामाने नेहमीप्रमाणे मीटर वाचलं आणि नवीन मीटरची मागणी द्यायला कार्यालयात गेला. तिथे जुनी माणसं भेटली, गप्पा झाल्या. दीड वाजता परत आला. फाटकातून आत येताना डोळे सवयीने जिन्याखाली गेले आणि पाय जागीच थांबले. मीटरच्या आतली चकती उलटी फिरत होती.

मीटर उलटं फिरणं म्हणजे काय हे ज्याने ती नोकरी केली नाही त्याला कळणार नाही. मामाच्या उभ्या आयुष्यात उलट्या चकतीचा एकच अर्थ होता, चोरी. असल्या चकत्या त्याने सात वेळा पकडल्या होत्या, त्यातली एक नगराध्यक्षांच्या मेव्हण्याची. त्याने आकडा वाचला. सकाळच्या आकड्यापेक्षा अडीच युनिट कमी. चोर कोण, कसा, कशासाठी, यातलं काहीही त्याच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आला तो नियम: आधी नोंद, मग चौकशी. पिशवीत जुन्या छापील फॉर्मचं पॅड असायचंच. फाटकातच, चपला न काढता, पॅड गुडघ्यावर ठेवून त्याने फॉर्म भरला. ग्राहक क्रमांक तोंडपाठ होता. 'चकती उलट दिशेने फिरताना प्रत्यक्ष आढळली.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त मीटर वाचक.' मग आल्या पावली कार्यालयात जाऊन तो फॉर्म तक्रारपेटीत टाकून आला.

परतल्यावर बघतो तर चकती सरळ फिरत होती. खटका बंद, वर कागद चिकटवलेला. मामी आत भांडी पुसत होती. मामा म्हणाला, "कुणी येऊन गेलं का?" मामी म्हणाली, "नाही." एवढ्यावर त्याची चौकशी संपली.

संध्याकाळी त्याने मला सगळं सांगितलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. "मामा, तू स्वतःच्याच घराची तक्रार केलीस?"

"घर कुणाचं ते फॉर्ममध्ये विचारत नाहीत," तो म्हणाला. "क्रमांक विचारतात."

मी जिन्यापाशी जाऊन ती पेटी बघितली. खटका बंदच होता. कागदही होता, फक्त उलटा चिकटवलेला, अक्षरं खाली डोकं वर पाय. फिटर घाईत असेल असं मला वाटलं. आता वाटतं, मामाच्या घराण्यात आकडे वाचायची अक्कल आहे, अक्षरं वाचायची नाही, आणि मीही त्याच घराण्यातली.

दोन दिवसांनी नोटीस आली. पाकिटावर मामीचं नाव. तिने चष्मा लावून ती आम्हा दोघांना वाचून दाखवली, सव्वीस वर्षं मोठ्या बाईंना पत्रं वाचून दाखवायची तशीच, एकसुरी आवाजात. ग्राहक या नात्याने आपल्याविरुद्ध वीजचोरीची तक्रार प्राप्त झाली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत आपली नवीन मीटरची मागणी स्थगित ठेवण्यात येत आहे. तक्रारदार, निवृत्त मीटर वाचक.

नोटीस घडी घालून तिने टेबलावर ठेवली. "चौतीस वर्षांच्या संसारात," ती म्हणाली, "तुम्ही मला पहिल्यांदाच पत्र पाठवलंत."

मी हसले. मामा हसला नाही. आणि मग माझंही हसू गेलं, कारण महिना संपायला नऊ दिवस उरले होते. चौकशी लांबली तर मीटर नाही, मीटर नाही तर रकाना रिकामा, आणि रकाना रिकामा तर मामीची ठेव त्या छतावर चढली ती कायमची. मामी एका शब्दाने त्याला बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पंखा दोनवर केला, पुठ्ठा घेतला आणि वारा घेत बसली.

दुसऱ्या दिवशी मी मामाला घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या अभियंता बाई मामाला चांगल्या ओळखत होत्या. नोकरीचा पहिला महिना त्यांनी त्याच्या मागे गल्लोगल्ली फिरून मीटर वाचायला शिकण्यात घालवला होता. खुर्च्यांपेक्षा फायलींना जास्त जागा असलेली त्यांची खोली. एका स्टुलावरच्या फायली खाली ठेवून त्यांनी मामाला बसवलं.

"काका, हे काय करून ठेवलंत?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी तक्रार केली असती तर मी आधी फोन केला असता. पण सही तुमची. तुमची सही बघून माझ्या माणसाने डोळे मिटून नोंद केली. आता पथक येणार, मीटर तपासायला पाठवणार. दीड महिना कुठे गेला नाही."

"नियमाप्रमाणे जे असेल ते होऊ द्या, मॅडम," मामा म्हणाला.

"नियमाप्रमाणे काकूंचं अनुदान जाईल." बाईंनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "एकच वाट आहे. तक्रारदाराने लिहून द्यायचं की आपल्याकडून वाचनात चूक झाली. वय झालंय, ऊन होतं, चष्मा नव्हता, काहीही लिहा. मी आजच्या आज प्रकरण बंद करते."

मामा त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चष्मा होता."

"काका."

"घरी जाऊन लिहून आणतो," तो म्हणाला, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि उठला. घरी येताना आम्ही पाच गल्ल्या चाललो. दोन्ही बाजूंना दारं होती, जिने होते, मीटर होते. मामाने एकाही मीटरकडे मान वळवली नाही. त्याच्यावर आयुष्यभर हसत आलेली मी, मला त्या दिवशी त्याच्याकडे बघवेना.

त्या दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसला. मी समोर अर्जाची कागदपत्रं लावत होते, म्हणजे लावल्यासारखं करत होते. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं, 'मी वाचलेला आकडा बरोबर होता, तथापि.' ते खोडलं. मग 'चकती उलटी फिरत असल्याचे मला वाटले.' 'वाटले' या शब्दावर पेन इतका वेळ थांबला की शाईचा ठिपका पडला. तेही खोडलं. तिसऱ्या वेळी वर बघून मला म्हणाला, "ती फिरत होती गं. मी बघितलं."

"मला माहीत आहे, मामा."

"एकतीस वर्षांत एक चुकलं नाही."

"तेही माहीत आहे."

मग त्याने चौथा कागद घेतला आणि एका दमात लिहून टाकलं. 'दिनांक वीस रोजी माझ्याकडून मीटर वाचनात चूक झाली.' खाली सही केली. सहीखाली 'निवृत्त मीटर वाचक' लिहायला पेन टेकवला आणि उचलून घेतला. ते शब्द त्याने लिहिलेच नाहीत.

मामी कधी मागे येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. तिने कागद उचलला, वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"तुमची चूक झाली नाही," ती म्हणाली. "चकती उलटीच फिरत होती. खटका मी चालू केला होता."

मामाने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"तुम्ही दिवसातून दोनदा मीटर वाचता," मामी म्हणाली. "नुसता पंखा वाढवला असता तर संध्याकाळी विचारलं असतंत, आज युनिट कसे वाढले. मला वाटलं सूर्याची वीज वरच्या वर पंख्यात जाईल, मीटरला कळणारच नाही. तुम्ही कार्यालयात गेलात आणि मी कागद सोडवला. तुमची फाटकातली चाहूल लागली, तुम्ही तिथूनच परत वळलात आणि मग घाबरून बंद केलं. नोटीस आली त्याच दिवशी सांगणार होते. दोनदा तोंड उघडलं, तुमच्याकडे बघितलं आणि मिटलं."

"किती वाजता चालू केलंस?" मामाने विचारलं.

"बारा वाजता."

"आणि मी आलो दीडला." त्याचे ओठ हलले, बोटं टेबलावर काहीतरी मोजू लागली. "एवढं पॅनेल, दीड तास, भर उन्हाची वेळ. त्यातून पंखा वजा, उरलेली वीज बाहेर, म्हणून चकती उलटी." तो माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अडीच युनिट. बरोबर आहे. माझं रीडिंग बरोबर होतं."

मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. घर जळतंय आणि याला मीटरची पडलीय. पण लाथ बसायच्या आधीच त्याचा चेहरा बदलला होता. तो मामीकडे बघत होता.

"पंखा कितीवर लावला होतास?" त्याने विचारलं.

"पाचावर."

"दीड तास?"

"दीड तास. खाली बसले होते नुसती. काही केलं नाही, वाचलं नाही, विणलं नाही." मामीने हाताने केस मागे सारले. "केस उडत होते माझे. फार बरं वाटलं."

"मला सांगायचंस," मामा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोनवर केला असता."

मी उगीच घराचे कागद उलटसुलट करत राहिले. थोड्या वेळाने मामाने ते चौथं पत्र घ्यायला हात पुढे केला. फाडून टाकणार होता. मामीने ते चटकन उचललं, चौघडी घातली आणि कपाटात आपल्या साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "'माझी चूक झाली' असं तुम्ही पुन्हा कधी लिहून द्याल याची काही खात्री नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामी स्वतः कार्यालयात हजर झाली. इस्त्रीची साडी, हातात स्वतः टंकलेला खुलासा. जुनं टंकलेखन यंत्र माळ्यावरून काढून तिने रात्रीच्या जेवणाआधी तो तयार केला होता, समास सोडून, तारीख उजवीकडे. अभियंता बाईंनी तो वाचला. वाचता वाचता त्यांनी ओठ घट्ट मिटले, कारण तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'सदर कृत्याचे कारण: पंखा पाचावर लावणे.'

"ग्राहकाने स्वतःहून कबूल केलं तर प्रकरण माझ्या हातात राहतं, पथकाकडे जात नाही," बाई म्हणाल्या. "दंड भरावा लागेल. आणि ते अडीच युनिट बिलात परत चढतील."

"चढलेच पाहिजेत," मामा म्हणाला.

"पण काकू, ग्राहक म्हणून तुमच्या नावावर ही नोंद कायमची राहील. परवानगीशिवाय संच चालू केला अशी."

"राहू द्या," मामी म्हणाली. "नोंद खरी आहे."

मामाने तिच्याकडे असं काही बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली. मग त्याने स्वतःच्या खिशातून दंड भरला आणि पावती मागितली. बाईंनी चहा मागवला. मामा सवयीने "नको" म्हणाला. बाई म्हणाल्या, "काका, आज मीटर वाचणारे तुम्ही नाही, आम्ही आहोत. तुम्ही ग्राहकाचे यजमान. घ्या." एकतीस वर्षं ज्या बाजूने चहा नाकारला, तिच्या दुसऱ्या बाजूला बसून तो चहा बशीत ओतून प्यायला. म्हणाला, "साखर जास्त आहे." पण संपवला.

नवीन मीटर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी लागलं. फिटरने खटका चालू केला, उलटा कागद काढताना क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि मग मामीकडे. मामी छताकडे बघत होती. मामाने नवीन मीटरवरचा क्रमांक मोठ्याने सांगितला, मी रकान्यात भरला. त्याने तो चार वेळा सांगितला आणि मी चार वेळा तपासला. दुपारी पोच आली.

अनुदान सव्वा महिन्याने मामीच्या खात्यात आलं. त्याचं तिने काय केलं ते कुणी विचारायचं नाही अशी अट होती, त्यामुळे आम्ही विचारलं नाही. ठेवीचे पैसे तिने परत ठेवीत टाकले. थोडे बाजूला काढले ते मात्र आठवड्यातच छताला टांगलेले दिसले. नवा पंखा. भिंतीवर बटण नाही, हातात धरायचा रिमोट, आणि तो कायम मामीच्या उशाशी. पंख्याच्या पोटावर बारीक दिव्यात आकडा दिसतो, कितीवर चालू आहे त्याचा. मामा पहिले दोन दिवस भिंतीवर बटण शोधत होता. तिसऱ्या दिवशी बिचाऱ्याने नाद सोडला.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्या खोलीत पंखा भरधाव चालला होता, वर्तमानपत्राची पानं खोलीभर झाली होती. मामी कोचावर गाढ झोपलेली, कपाळावरचे पांढरे केस उडत होते. रिमोट तिच्या हातातून निसटून कोचाखाली पडलेला. मामा आरामखुर्चीत बसलेला, दोन्ही हात काखेत. त्याला थंडी सहन होत नाही.

मी दारातच थांबले. मामा उठला. वाकून रिमोट उचलला. मला वाटलं, झालं, संपली अट. तो रिमोट हातात घेऊन मान वर करून पंख्याकडे बघत राहिला. मग फाटकात उभा राहून म्हणायचा तसाच, पण मामी जागी होणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, "पाच."

रिमोट त्याने तिच्या हाताशी नीट ठेवला. कपाटातून चादर काढली, कानावरून घट्ट लपेटून घेतली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.